रिकामा रकाना

दवाखान्याच्या खिडकीशी बसून ताईंनी वीस वर्षं केसपेपर भरले. अख्ख्या दवाखान्याच्या त्या ताई. आता नोंदी कॉम्प्युटरवर जाणार होत्या, म्हणून घरी बसून त्या डेटाबेसचा ऑनलाइन कोर्स करत होत्या. पास झाल्या तरच खिडकी टिकणार होती.

गृहपाठ होता रुग्णांचा तक्ता आखायचा. ‘जवळचं माणूस’ हा रकाना ताईंनी सक्तीचा केला. खिडकीशी या रकान्यावर कुणी अडखळलं की त्या डाफरायच्या, “अहो आजोबा, आभाळातून पडलात का? कुणीतरी असेलच की! आठवा लवकर, मागे रांग आहे.”

चाचणीसाठी त्यांनी स्वतःचीच नोंद भरली. नाव, वय, पत्ता झाला. मग हात थांबला. भावाने बोलणं टाकून दोन वर्षं झाली होती, आणि शेजारणीला ताईंचं आडनावही माहीत नव्हतं. रकाना रिकामा ठेवून त्यांनी बटण दाबलं. नोंद होईना. पुन्हा दाबलं, तरी तेच.

शेवटी ताईंनी सक्ती काढली, तेव्हा नोंद मुकाट आत गेली.

संध्याकाळी कोर्सच्या सरांनी पडद्यावरून विचारलं, “काय हो ताई, एवढा महत्त्वाचा रकाना रिकामा चालेल?”

“चालवून घ्यावा लागतो, सर,” ताई म्हणाल्या. “एखाद्याला नसतंच कुणी, मागे रांग असली तरी.”