एकही जीव न अडकलेला टप

भीमसेन,

हे पत्र तुला पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तू असतास तरी दोन ओळी वाचून म्हणाला असतास, "आक्का, मुद्दा सांगा." तर मुद्दा असा. परवा निपाणीत एका शहाण्याने मला सांगितलं, की तू म्हणे बोटी बांधायच्या कारखान्यात शिकून आला होतास. कुठलं काय! समुद्र तू बघितलाही नव्हतास. लोक असं काहीबाही सांगणार असतील, तर खरं काय ते एकदा लिहून टाकलेलं बरं. यातली चंदना म्हणजे मीच, पण 'मी, मी' करत बसायला मला वेळ नाही. तिलाही तुझ्यासारखंच जरा लांबून बघू.

निपाणीत हायवेला लागून भीमसेनची पत्र्याची शेड होती. ट्रकांना रंग देणं, पाट्या लिहिणं, मागच्या फळीवर मोर काढणं हा त्याचा धंदा. आई सुलाबाई विड्या वळायची. तिच्याच जिवावर तो नववीपर्यंत शिकला आणि मग ब्रश हातात घेतला. १९८० साली तो तिशीचा होता. बोलायला कमी, बघायला जास्त. एखाद्या वस्तूकडे तो असा बघत राही, की बघणाऱ्याला वाटावं हा झोपलाय.

चंदनाचा थोरला भाऊ पायगोंडा तंबाखूचा व्यापारी, आणि हौशी. गोव्याहून परतीला लागलेल्या एका परदेशी जोडप्याची गाडी त्याने शहात्तर साली घेतली होती. आत दोन बाकं, ती जोडली की पलंग, कोपऱ्यात चिमुकली शेगडी, आणि वरचा टप, म्हणजे छप्पर, एका अंगाने झाकणासारखा उघडायचा. गावात तिला 'घरगाडी' म्हणत. ऐंशीच्या दिवाळीनंतर पायगोंडाअण्णा टप मिटायचा विसरला आणि तसाच निघाला. तवंदी घाटाच्या अलीकडे वडाची फांदी आडवी आली. टपाला चार हात लांब भेग पडली आणि मधला तुकडा मागे रस्त्यावर राहिला.

एरवी त्या गाडीसाठी कुणी रडलं नसतं. पण घरात आई होती, लक्ष्मीबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला बसता येत नव्हतं, आडवंच पडून राहावं लागे. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला बाहुबलीचा महामस्तकाभिषेक होता. तो येतो बारा-चौदा वर्षांतून एकदा. सदुसष्ट साली घरातल्या आजारपणामुळे तिचं जाणं राहिलं होतं. पुढच्या वेळी आपण नसणार, हे तिला आणि सगळ्यांनाच माहीत होतं. आडवं पडून एवढा पल्ला जाता येईल अशी दुसरी गाडी आसपास नव्हती, आणि टपाला ताडपत्री बांधली तर ती वाऱ्याने संकेश्वरपर्यंतही टिकली नसती.

बेळगावच्या मिस्त्र्यांनी हात वर केले. हा पत्रा नव्हे, ठोकून सरळ होत नाही, म्हणाले. शेवटी गाडी भीमसेनच्या शेडपुढे आणली. त्याने फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि एक तंतू ओढून काढला.

"आक्का, हे कापड हाय."

"कापड कसलं रे?" चंदना म्हणाली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, तिला 'फायबर' म्हणतात एवढं माहीत होतं.

"काचेचं. एकावर एक थर हाईत, मदी गोंद."

अण्णाने विचारलं, "तुला जमंल काय रं?"

"माहीत न्हाय अण्णा. आदी आईच्या बादलीला करून बगतो."

बेळगावात उद्यमबागेत एकजण पाण्याच्या टाक्या तशा कापडाच्या करायचा. भीमसेन दोन दिवस त्याच्या दारात बसून बघत राहिला. परत आला तो काचेच्या कापडाची गुंडाळी, रेझिनचा, म्हणजे त्या गोंदाचा डबा आणि हार्डनरची बाटली घेऊन. रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब टाकले की ते दगड होतं. थेंब जास्त पडले तर डबा आपोआप तापून धूर ओकतो, हे त्याला सुलाबाईच्या न्हाणीघरात कळलं. सुलाबाईने डबा अंगणात भिरकावला आणि म्हणाली, "बादली फुटकी हुती तीच बरी हुती."

पण बादली सांधली गेली. मग त्याने टप घेतला. भेगेच्या दोन्ही कडा घासून त्यांना लांब उतार दिला, म्हणजे नवं जुन्यावर चढेल. काचेची धूळ कातडीत शिरायची, रात्रभर खाजायचं. कापडाचे तुकडे प्रत्येक थराला थोडे मोठे कापायचे, रेझिनमध्ये भिजवायचे, ब्रशने ओढायचे नाहीत, नुसते टेकवायचे. खाली वारा अडकला की पांढरा फोड दिसतो. तो काढायला त्याने सायकलच्या दांडीवर वायसर ओवून एक लाटणं केलं होतं. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. दुपारच्या उन्हात रेझिन हातातच घट्ट व्हायचं, म्हणून हे काम तो संध्याकाळी दिवा लावून करी.

आठ दिवसांत टपाचं भोक बुजलं. रंग द्यायच्या आधी आई म्हणाली, "मला एकदा आत निजवून बगू द्या." भरदुपारी तिला उचलून पलंगावर ठेवलं. नवा भाग अजून बिनरंगाचा होता, त्यातून ऊन आत झिरपत होतं.

"मधासारखा दिसतोय," चंदना म्हणाली.

"मधाचं नाव काढू नगंस," आई म्हणाली. जैनाच्या घरात मध वर्ज्य. ती वर बघत राहिली. मग म्हणाली, "ते काळं काळं काय गं?"

चंदना गुडघ्यांवर उठून बघू लागली. चिलटं, डास, एक पतंग पंख पसरलेला. संध्याकाळच्या दिव्यावर आलेलं सगळं थरांच्या मधोमध बसलं होतं, पायसुद्धा दिसत होते.

"मी ह्यातनं येत न्हाई," आई म्हणाली.

"रंग दिला की दिसनार न्हाई, आई," अण्णा म्हणाला.

"तुला दिसनार न्हाई. मला दिसलं न्हवं? मेलेल्यांच्या खाली निजून मी बाहुबलीला जाऊ व्हय?"

भीमसेन दारात उभा होता. निघायला सोळा दिवस उरले होते. तो आता चिडेल, निदान कपाळाला हात लावेल, असं चंदनाला वाटलं. तो आत आला, मान वर करून सावकाश सगळं बघितलं.

"आज्जीचं बराबर हाय," तो म्हणाला. "आमच्या पंचशिलात बी जीव मारू नये हे पयलंच हाय. म्याच बगाय पायजे हुतं."

आणि छिन्नी घेऊन त्याच दुपारी त्याने आठ दिवसांचं काम खरवडायला घेतलं. चंदनाने पुष्कळ विद्वान माणसं पाहिली होती. स्वतःचं केलेलं इतक्या मुकाट्याने मोडणारा माणूस तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पण करायचं कसं? संध्याकाळी किडे, दुपारी ऊन. मच्छरदाणी लावून बघितली, तर चिलटं तिच्यातूनही आत येत. सुलाबाई शेजारी सुपात पानं कातरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तंबाखूच्या वखारीत कवा डास बगितलास काय रं? तुला आनि तुझ्या भनीला आमी तितंच निजवत हुतो, डास चावू ने म्हनून."

भीमसेन तिच्याकडे बघतच राहिला. "हे आदी का सांगितलं न्हाईस?"

"इचारलंस कवा?"

नवा माल अजून यायचा होता, वखारी रिकाम्या. अण्णाच्या मोठ्या वखारीची जमीन तीनदा धुतली, धूळ उडू नये म्हणून भिंतींवर पाणी मारलं. दोन हात रुंद दगडी भिंती, आत दुपारीही गारवा. जमीन धुतली तरी भिंतींत वर्षानुवर्षं मुरलेला तंबाखू होताच. माणसाला शिंका येत, माशी मात्र दाराशीच वळून जाई. छपरातल्या काचेतून उजेड पडे तेवढ्यात, दिव्याशिवाय, भीमसेनने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. मधूनमधून तो थांबे आणि ओल्या टपावर नाक टेकेल इतका वाकून बघे. चंदना सकाळची तासिका आटोपून यायची आणि पोत्यावर बसून राहायची. आपण एवढा वेळ काय बघतोय, हे तिला सांगता आलं नसतं. भिजलेलं कापड त्याच्या हाताखाली हळूहळू दिसेनासं व्हायचं, आणि जिथे भोक होतं तिथे टप असायचा.

गाडी उन्हात काढली, तेव्हा त्याने आधी आज्जीला बोलावलं. तिला आत निजवलं. ती या कडेपासून त्या कडेपर्यंत बघत गेली, मग परत पहिल्या कडेला आली. वर नुसता उजेड होता. एक ठिपका नाही.

"ह्यात कोन न्हाई," ती म्हणाली, आणि दोन्ही हात जोडले. टपाला जोडले की भीमसेनला, ते तिने सांगितलं नाही. त्या दिवशी त्याला घरातल्या कपातून चहा दिला. तोवर त्याचा कप वेगळा असायचा. लिहायला लाज वाटते, पण असायचा.

क्रीम रंगाचे तीन हात वखारीतच दिले. निघायच्या सकाळी तो टपावर चढून उड्या मारून आला आणि चंदनाला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, एक काम करा. ती मूर्ती एका दगडाची हाय म्हंत्यात."

"एकाच. डोंगराचाच माथा कोरलाय. कुठे जोड नाही."

"व्हय, पर डोंगर संपतो नि पाय सुरू हुतो, ती जागा आसंलच की. पुढनं सगळेच बगत्यात. तुमी मागनं बगा, टाचंपाशी. आनि मला सांगा."

"सांगते," चंदना म्हणाली.

टप जाता-येता कुठेही तडकला नाही. आईला डोलीतून वर नेलं. दुधा-केशराच्या धारा मूर्तीवरून उतरत होत्या आणि आई तोंड उघडं टाकून लहान मुलीसारखी बघत होती. चंदना आईकडे बघत राहिली. टाचा राहिल्या.

परतल्यावर भीमसेनने विचारलं. तिने सरळ सांगितलं, बघितलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "गर्दी निवळली की आपुनच जाऊन बगू. तुमी वाट दावा."

मे महिन्यात जायचं ठरलं. मे महिन्यात चंदनाच्या मागे पेपर तपासणी लागली. मग पावसाळा आला. मग आई गेली आणि घरगाडी अण्णाने विकली. भीमसेनला आता काचेच्या कापडाची कामं कोल्हापूरपासून येत, त्याला सवड नसे. भेटला की तो म्हणे, "आक्का, टाचा?" आणि ती म्हणे, "या दिवाळीनंतर नक्की." असं सत्त्याऐंशीपर्यंत चाललं. त्या वर्षी कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला.

चंदना त्यानंतर एकदा श्रवणबेळगोळला गेली होती. वर चढली, पुढून दर्शन घेतलं. मागच्या बाजूला जायला वाट होती. टाचा न बघताच ती पुढून खाली उतरली.