पिंजाऱ्याचा मिटलेला जबडा

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. दातांचं शिक्षण संपवून मी मुंबईहून मोताळ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांसाठी गेले. आपल्याला दात काढायला पाठवलंय, अशी माझी समजूत. तिथले मोठे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, "सकाळी माझ्या शेजारी बसा. नाडी, ताप, पोट, सगळं शिका. मी नसलो की इथं तुम्हीच डॉक्टर."

मला ते जड गेलं. पहिल्यांदा एका म्हाताऱ्याचं पोट दाबून बघत होते, तर तो हसत सुटला. "बाई, गुदगुल्या होऊन राह्यल्या ना!" नर्सबाईंनी माझा हात धरला, बोटं सपाट ठेवायला लावली. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या आणि रागवायच्या नाहीत, हे माझं नशीब.

दुसऱ्या महिन्यात धनुर्वाताचा एक तरुण आला. दातखीळ बसलेली, पाठ कमानीसारखी. डॉक्टरांनी माझा हात त्याच्या पोटावर ठेवला. पोट लाकडाच्या फळीसारखं होतं. त्याला बुलढाण्याला पाठवलं, पण तो वाचला नाही. पुढे कितीतरी दिवस तो स्पर्श हातातून जाईना.

त्यानंतर पंधरा दिवसांनी डॉक्टर जीप घेऊन बुलढाण्याला बैठकीला गेले होते. अकराच्या सुमारास रोहिणखेडहून एक बैलगाडी आली. गाद्या भरणारा पिंजारी आणि त्याची बायको. त्याचं तोंड उघडत नव्हतं. वरच्या आणि खालच्या दातांमधून जेमतेम करंगळीचं टोक गेलं असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"परवापासून," बायको म्हणाली. "आठ दिवस झाले, पायात बाभळीचा काटा भरला होता. धनुर्वात व्हय का, बाई? खरं सांगा. माह्या दिराले तोच झाला होता."

जीप नव्हती. एस.टी. थेट चार वाजता.

"आधी नीट बघा," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

मी त्याला बाकावर आडवं केलं. मान उचलून पाहिली. हनुवटी छातीला टेकली. गुडघे सहज वाकले. मग पोटावर हात ठेवला, बोटं सपाट. पोट मऊ होतं. मी पुन्हा दाबलं. मऊच. थोडा ताप होता. मग कुठे मला आठवलं, की मी दातांची डॉक्टर आहे. बारीक आरसा आणि बॅटरी घेऊन गालाच्या आतून वाकून पाहिलं. डावीकडे मागे अर्धवट उगवलेली अक्कलदाढ होती. तिच्यावरची हिरडी लालबुंद, सुजलेली, खालून पू येत होता.

"दाढ आहे," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मोठा झाला. "अक्कलदाढ. धनुर्वात नाही."

बायको खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. तो दातांवर दात ठेवूनच पुटपुटला, "मंग रडतं काऊन वं?"

कोमट मिठाच्या पाण्याने मी पिचकारीने दाढेभोवती धुतलं. नर्सबाईंनी आधी चाचणी घेऊन पेनिसिलिन टोचलं, काट्याच्या जखमेसाठीही इंजेक्शन दिलं. तरीही मी त्यांना जाऊ दिलं नाही. दर अर्ध्या तासाने जाऊन त्याचं पोट दाबत होते. शेवटी तो वैतागला. "पोट नाही दुखून राह्यलं, बाई!"

चारच्या आत डॉक्टर परतले. त्यांनी पाय पाहिला, मान पाहिली, पोट पाहिलं, माझा आरसा मागून घेतला आणि बराच वेळ गालात डोकावले. त्यांना तिथलं काही नीट दिसत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

"नेमकी कुठं?" त्यांनी विचारलं.

मी दाखवली.

"बरोबर," ते म्हणाले. "मी असतो तर गाडीत घालून बुलढाण्याला पळवला असता."

मी मागच्या ओट्यावर गेले आणि दिवसभरात पहिल्यांदा चहा प्याले. फार बरं वाटत होतं. पाचव्या दिवशी त्याच्या तोंडात दोन बोटं मावली, दहाव्या दिवशी मी दाढ काढली. ती त्याने कापसात गुंडाळून बायकोला दाखवायला नेली.