भिंतीवर वाळवलेले हळदीचे कागद

सातवीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी सगळ्यात सोपा प्रयोग निवडला. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचे आणि सगळ्यांसमोर त्यावर साबणाचं पाणी टाकायचं, की पिवळा कागद लाल! बाकीच्या मुलींनी मोटारवर फिरणाऱ्या पवनचक्क्या केल्या होत्या. मला कोणी हसू नये, एवढीच माझी इच्छा होती.

आदल्या दिवशी, रविवारी, ओले कागद ताटात ठेवून मी खेळायला गेले. आईला वाटलं, ताटात हे कधी वाळायचे? तिचं माहेर पिंपळगावकडचं. तिथे भिंतीवर गोवऱ्या थापतात, तसे तिने सगळे कागद मागच्या भिंतीला चिकटवून टाकले. भिंतीला चुना दिलेला होता दोनच दिवसांपूर्वी. मी आले तेव्हा एकही कागद पिवळा नव्हता. नवे आणावेत तर दुकान बंद. मी घर डोक्यावर घेतलं. "चौथी शिकलेल्या बाईनं माझ्या प्रयोगाला हात लावायचाच कशाला?" असंही बोलून गेले.

आईने भिंतीवरचा एक कागद सोडवून हातात घेतला. मग म्हणाली, "हळदीला चुना लागला की कुंकू होतं. माझी आई घरीच करायची. तुमच्या पुस्तकात नाय का ते?"

नव्हतं. तिने लाल कागदावर लिंबू पिळून दाखवलं, तर तो पुन्हा पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी मी तेच लाल कागद मांडले आणि चुना, कुंकू, लिंबू असं सगळं परीक्षकांना घडाघडा सांगितलं. ते खूश झाले. "हे कोणी शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं. आई टेबलाशेजारीच उभी होती.

"आमच्या बाईंनी," मी म्हणाले.

घरी जाताना आई भेटेल त्याला सांगत होती, "हिच्या बाई लय चांगलं शिकवतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मी स्वतःच विज्ञानाची बाई झाले. पहिल्याच वर्षी आईला वर्गात बोलावलं. हा प्रयोग हिचा, मला हिनेच शिकवला, असं सगळ्या मुलांसमोर सांगितलं आणि तिचे आभार मानले. फार उशिरा, पण मानले. आईने पदर खोचला, हळदीचा कागद हातात घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बिघडला तर ओरडशील का गं?"

मुलं खोखो हसली. मी चुन्याची वाटी तिच्यापुढे सरकवली.