शारदाबाईंचा न दिसणारा पासवर्ड

मंदाताई, गुडघा कसा आहे? सुधीरराव, खोकला गेला का? नलूवहिनी, डोळ्यांत थेंब घालताय ना?

आज इथे मैलापुरात शेजारच्या शारदाबाईंकडे गेलो होतो. त्या मूळच्या तंजावरच्या, मराठीही तिकडचीच. तंजावरला त्यांच्या बहिणीचं उद्या ऑपरेशन, त्याआधी व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड बघायचं होतं.

त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी काल लिनक्स घालून दिलं, पण वाय-फाय काही दिसेना. त्याला ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चालवणारा छोटा प्रोग्राम हवा, आणि तो उतरवायला इंटरनेट हवं! शेवटी माझा फोन केबलने जोडून नेट दिलं आणि कमांड टाकली. लिनक्सने पासवर्ड मागितला, तो काल शारदाबाईंनी स्वतःच ठेवला होता.

"सांगा, मी टाइप करतो."

"अय्यो, तें कसं सांगूं? यजमानांचं नाव की तें!"

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी टाइप केलं, पुन्हा केलं, पुन्हा केलं. "कांहीच उमटेना हो!"

मंडळी, नवा माणूस इथेच घाबरतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाकायच्या खिडकीत, पासवर्ड दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. एकदाच नीट लिहून एंटर दाबायचं.

म्हटलं, "तेही तुमच्यासारखंच, नाव उघड घेत नाही."

त्या हसल्या आणि सावकाश एकेक अक्षर दाबलं. थोड्या वेळात वाय-फाय लागलं, पडद्यावर बहीण आली.

"अक्का, कसं जमविलंस?"

"मनांत त्यांचं नाव घेतलं," शारदाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

पासवर्ड मात्र मी लगेच बदलायला लावला. यजमानांचं नाव दारावरच्या पाटीवरच आहे हो!

तुम्ही लिनक्स शिकताना पहिल्यांदा कुठे अडला होतात? लवकर लिहा, वाट बघतोय.