राहूकाळात अडकलेला चॅटबॉट

आमच्या शेजारचे श्रीनिवासराव एका जागी बसलेले मी फक्त न्हाव्याच्या दुकानात पाहिलेत, आणि तिथंही न्हाव्यानं त्यांचं डोकं धरून ठेवलेलं असतं. आमच्या तमिळ मुलखातल्या पापनाशमच्या शेतकी कचेरीत नोकरी होती तेव्हा गाडीत जागा असली तरी दाराशी उभे राहून जायचे. आता निवृत्त झालेत, तर जुन्या मराठा राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत येरझारा. चपला त्यांच्या झिजतात, करमणूक माझी होते.

त्या रविवारी दुपारी त्यांनीच भिंतीवरून हाक मारली. "गोपाल्या, ये रे! तें उघडंना!"

तें म्हणजे चॅटबॉट. त्याची खरी गोष्ट मी केव्हाच काढून घेतली होती. त्यांची विनुता बेंगळुरूला नोकरीत आहे, तिनं सांगलीचा एक मुलगा पसंत केला. मुलाला वाढवलं त्याच्या मालतीआत्यानं. आत्या हो म्हणेल तरच लग्न, आणि आत्या महिनाभर हो-नाही काही म्हणतच नव्हती. ती मेसेज लिहायची मराठीत. आमच्या रावांना देवनागरी वाचता येत नाही, आणि बोलतात ती मराठी पिढ्यान्‌पिढ्या कावेरीत भिजलेली, वर सांबार ओतलेली. सांगलीकर हसतील म्हणून त्यांनी गुपचूप तोड काढली. चॅटबॉटला तमिळमध्ये सांगायचं, तो शुद्ध मराठी करून द्यायचा, आणि ती न वाचताच सांगलीला रवाना!

आज पाच वाजता आत्या स्वतः फोन करणार होती. बेत असा, की चॅटबॉट कानात सांगेल आणि राव तोंडानं म्हणतील. आणि सकाळपासून चॅटबॉट एकच सांगत होता: काहीतरी चुकलंय, नंतर प्रयत्न करा.

"बंद करून चालू केलात?"

"सात वेळां."

"पासवर्ड?"

"दोनदां बदलला. ॲप काढून पुन्हां घातलं. हिनं मोडेमला कुंकूसुद्धां लावलं."

सीतालक्ष्मीवहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "धूळ पुसली मी! कुंकू काय लावते!"

"बरं, माझ्या फोनवर उघडू?" मी साळसूदपणे विचारलं.

"तुझ्या? म्हणजे कॉफी निवायच्या आंत सगळ्या पश्चिम वीथीला बातमी! नक्को."

राव कूडातून, म्हणजे बैठकीच्या खोलीतून, अंगणात, अंगणातून झोपाळ्याशी, झोपाळ्याला धक्का देऊन परत. मी त्यांचं टॅबलेट घेऊन बसलो. इंटरनेट नीट होतं. मग माझी नजर वरच्या कोपऱ्याकडे गेली. बाहेर ऊन कलायला लागलेलं, आणि टॅबलेटमध्ये सकाळचे नऊ! तारीखही मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारची.

"राव, हे टॅबलेट कोणत्या काळात राहतंय?"

राव थबकले. खरोखर थबकले, म्हणून मी ओळखलं.

"तें मी केलं," ते हळूच म्हणाले. "आज नवमी, शुभ कामाला वर्ज्य. त्यांत रविवारी साडेचारपासून राहूकाळ. आत्याला वेळ बदला म्हणून कसं सांगूं? म्हटलं, बोलणं टॅबलेटातून होणार, तर टॅबलेटापुरता तरी मुहूर्त असूं दे. कॅलेंडरांत पाहून चांगला दिवस लावला."

मी इतका हसलो की वहिनी कालथा घेऊनच बाहेर आल्या. "अहो, तिकडचा कंप्यूटर आजच्या तारखेत बसलाय. तुम्ही मागच्या महिन्यातून दार ठोठावताय. तो ओळख कशी देईल?"

तारीख नीट केली आणि क्षणात चॅटबॉट उघडला. नमस्कार, कशी मदत करू? मी विजयानं टॅबलेट पुढं केलं, तर राव दोन पावलं मागं सरले. पावणेपाच वाजले होते.

"आतां नक्को! राहूकाळांत सुरुवात करूं? पोरीच्या लग्नाची?"

"मग काय करणार? तारीख परत मागं नेणार?"

"नेली तर हा उघडत नाही. नाही नेली तर..." पुन्हा कूड, अंगण, झोपाळा. तेवढ्यात फोनच वाजला. आत्या पाच वाजायची वाटही बघेना! राव फोनकडे साप पाहावा तसे पाहत राहिले.

वहिनी म्हणाल्या, "फोन तिनं केलाय. सुरुवात तिची, राहूकाळ तिचा. उचला!"

हा कायदा रावांना पटला. त्यांनी फोन घेतला, आणि स्पीकरचं बटण मी दाबलं. शेजारधर्म.

"आत्या, मी विनुताचा अप्पा. मज तुमच्यासारखी मराठी येत नाही. मी आमचीच बोलतों. पोरगी माझी चांगली आहे. थोडी हट्टी आहे, माझ्यावर गेली."

रावांचा फिरायचा वेग दुप्पट झाला.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "तुम्ही बोलता तर! मग ते मेसेज पाठवणारे गृहस्थ कोण? 'माझ्या सुकन्येसंदर्भात आपल्या स्तरावरून सकारात्मक निर्णय अपेक्षित आहे.' मला वाटलं, तलाठी कचेरीतून आलंय! असल्या रुक्ष घरात पोराला कसं द्यायचं, म्हणून मी गप्प होते."

राव माझ्याकडे पाहायला लागले. मी छताकडे.

मग अर्धा तास दोघं बोलत होते. तिला यांचे निम्मे शब्द कळत नव्हते, तरी ती मोठ्यानं हसून पुन्हा म्हणायला लावायची, आणि राव दुप्पट मोठ्यानं म्हणायचे. शेवटी ती म्हणाली, "माझा होकार समजा. पण मुलीचं घर बघायला मी येणार हं. चांगली महिनाभर राहीन."

रावांनी फोनवर हात ठेवला. "महिनाभर, गोपाल्या! काय सांगूं?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी फोन हिसकावला आणि "या हो, या!" म्हणाल्या. राव पाहुण्यांची गादी उन्हात टाकायला गच्चीवर धावले. ऊन तेव्हा नारळांच्या शेंड्यांवर तेवढं उरलं होतं.