पाहुण्यांकडे पाठ

आमच्या हवालदारीण बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘बसा’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. जव्हारच्या आमच्या कॉलेजात त्या खेळ शिकवायच्या आणि जिमखान्याच्या त्यांच्या खोलीत एकही खुर्ची नव्हती. एक होती, ती रुजू झाल्याच्या आठवड्यातच त्यांनी मैदानात नेऊन आडवी टाकली आणि पोरींना तिच्यावरून उड्या मारायला लावल्या. एकदा प्राचार्य त्यांच्या खोलीत आले, चारी भिंती न्याहाळल्या आणि म्हणाले, “मॅडम, इथं बसायचं कुठं?”

“बसायला तुमचं ऑफिस आहे की, सर. इथं माणसं उठायला येतात.”

हवालदारीण हे नाव पोरांनी ठेवलेलं. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा आता कुणाचं तरी काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. बाई वर्गात गेल्या आणि म्हणाल्या, “हवालदारीण काय म्हणता रे? फौजदारीण म्हणा. बढती द्यायला तुमच्या खिशातलं काय जातं?” बढती काही मिळाली नाही. हवालदारीणच चिकटलं.

मी त्याच कॉलेजात ग्रंथालयात कारकून. पण ते पोटासाठी. खरा मी निवेदक. ‘टाळ्यांच्या कडकडाटात’ हे शब्द माझ्यासारखे म्हणणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात दुसरा नाही, आणि हे मी अतिशय नम्रपणे सांगतो आहे. बाई मला नावानं हाक मारत नसत. मैदानाच्या त्या टोकावरून आरोळी यायची, “ओ कडकडाट! इकडं या, दोरी धरा!” आणि ग्रंथालयाची सगळी प्रतिष्ठा टेबलावर ठेवून मी दोरी धरायला जायचो.

बाई खोडाळ्याच्या. घरी डोंगरउतारावरची नागली आणि खाचरातलं भात. खो-खोच्या जोरावर शिकल्या आणि त्याच जोरावर आमच्याकडे आल्या, पण कंत्राटी म्हणून. उन्हाळ्यात नेमणूक संपायची आणि जूनमध्ये प्राचार्यांच्या मर्जीनं पुन्हा व्हायची. अशा माणसानं जरा मान खाली घालून राहावं, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांचं मत होतं. बाईंच्या मानेला ती सोयच नव्हती.

दरवर्षी पावसाळ्यात पाड्यापाड्यांवरून नव्या मुली वसतिगृहात यायच्या आणि पहिले काही दिवस घराच्या आठवणीनं रडायच्या. रेक्टर समजूत घालायच्या, स्वयंपाकीणबाई गोड शिरा करायच्या. आमच्या बाई मुलींना मैदानात न्यायच्या आणि म्हणायच्या, “रडायचं आहे ना? रडा. पण पळत रडा.” पोशेऱ्याची काशी अशीच आली. धिप्पाड पोर, पण डोळ्यांना सारखी धार. ती रडत पळाली, पळत रडली आणि शेवटी धापा टाकत बाईंसमोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, दोन्ही नाय होत. दम पुरत नाय.”

“मग एक काहीतरी सोड.”

काशीनं रडणं सोडलं. पळणं मात्र इतकं धरलं की पुढं तिला थांबवायला शिट्टी वाजवावी लागायची.

मग एका वर्षी वरून आदेश आला की कॉलेजनं ‘वेलनेस सप्ताह’ साजरा करावा. ठाण्याहून एक गोड आवाजाच्या ताई आल्या. त्यांनी सभागृहात सगळ्यांना सतरंजीवर झोपवलं. बाई अर्थातच भिंतीला टेकून उभ्या. ताई म्हणाल्या, “डोळे मिटा. तुम्ही समुद्रकिनारी आहात. लाटा हळूहळू पायांशी येताहेत...” सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली. एक पोरगी उठून म्हणाली, “ताई, समुद्र नाय बघितला.” ताई गडबडल्या. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, “समुद्र राहू दे. दाभोशाचा धबधबा घ्या!” सभागृहात असा काही आनंद उसळला की ज्यांना झोप लागली होती तेही जागे झाले. ताई दिलदार होत्या, त्याही हसल्या. पुढं त्यांनी विचारलं, “तुम्हाला ताण कशाचा येतो?” तर पोरं एका सुरात म्हणाली, “मेसच्या वांग्याचा!” त्या सप्ताहातली एवढी एकच गोष्ट कायमची टिकली. वांगं बंद झालं.

पण मी सांगणार आहे ते युवा महोत्सवाचं. विद्यापीठाच्या महोत्सवाची आमच्या भागातली फेरी त्या वर्षी आमच्याच कॉलेजात होती. इथं पहिला आलेला संघ अंतिम फेरीसाठी मुंबईला जाणार. समूहनृत्यात आमचं तारपानृत्य, आणि संघाच्या पुढं काशी. मुंबई तिनं पाहिली होती, पण लहानपणी, आईबाप बांधकामावर विटा वाहायचे तेव्हा, वाळूच्या ढिगावर बसून. आता तिला त्याच मुंबईत स्टेजवर उभं राहायचं होतं. हे ती कुणाला सांगायची नाही. मला सांगितलं, कारण निवेदकाला सगळे सांगतात.

तारपा वाजवायला दाभोशाचे सोनूबाबा. वाळलेल्या भोपळ्याचं आणि ताडाच्या पानांचं ते हातभर लांब वाद्य छातीशी धरून बाबा मधोमध चालणार आणि पोरंपोरी एकमेकांच्या कमरेला हात घालून त्यांच्याभोवती फिरणार. बाबांनी सूर बदलला की पावलं बदलायची, बाबा वळले की रांग वळायची. आणि एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर शिकलेली. काहीही होवो, तारप्याकडं पाठ करायची नाही.

प्राचार्यांना हे गैरसोयीचं वाटलं. “मॅडम, गोल केला तर समोरच्या पाहुण्यांना नुसत्या पाठी दिसणार. परीक्षक गुण देतील ते काय पाठींना? मुलांना रांगेत उभं करा, तोंडं पाहुण्यांकडे. बाबांना विंगेत ठेवा. तिथूनही ऐकू येतंच की.”

“करून बघू या, सर,” बाई म्हणाल्या. त्या इतक्या गोड बोलल्या की मी लगेच पुढची जागा पकडली.

सभागृहात रंगीत तालीम झाली. प्राचार्य सोफ्यावर. रंगमंचावर रांग, तोंडं पुढं. विंगेत सोनूबाबा. तारपा सुरू झाला आणि रांगेतल्या माना एकेक करून विंगेकडं वळू लागल्या. मानांपाठोपाठ खांदे, खांद्यांपाठोपाठ पाय. इकडं विंगेत पंखा नव्हता. बाबांना उकडायला लागलं, म्हणून ते वाजवत वाजवत मागच्या दारानं जरा वाऱ्याला बाहेर पडले. काशी त्यांच्या मागं. काशीच्या मागं अख्खी रांग. बघता बघता रंगमंच रिकामा! समोर प्राचार्य एकटे आणि इमारतीच्या मागून, सायकल स्टँडच्या बाजूनं, झकास तारपा ऐकू येतोय.

“अरे, गेले कुठं सगळे?” प्राचार्य ओरडले. खिडकीतून काशीचं डोकं वर आलं. “सर, बाबा इकडं आला ना! मंग आमी कुठं जाणार?”

संध्याकाळी बाईंनी संघाला मैदानात उभं केलं आणि म्हणाल्या, “हे बघा, मी गोड बोलणार नाय.” रागावल्या किंवा हळव्या झाल्या की त्यांच्या तोंडी खोडाळा यायचा. “मुंबईला जायचं असेल तर रांगेत नाचायला लागंल. मी शिकवते, चार दिवसांत येईल. गोल धरला तर मुंबई विसरायची. माझं काय होईल ते माझं मी बघीन. तुमचं तुम्ही सांगा.”

सगळ्यांनी काशीकडं पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

“मला जायचंय मुंबईला,” ती म्हणाली. “लय जायचंय. पण बाबाकडं पाठ करून जे नाचायचं ते मला येत नाय, मॅडम. तिथं जाऊन येत नाय तेच करू काय?”

“मग?”

“मग गोल.”

महोत्सवाच्या दिवशी मैदानाच्या कडेला घातलेला मांडव फुलांनी भरलेला. पुढच्या सोफ्यांवर प्रमुख पाहुणे, परीक्षक, प्राचार्य. मी माझा ठेवणीतला आवाज काढला, “टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करू या... तारपानृत्य!” पडदा उघडला. रंगमंचावर कुणी नाही. टाळ्या वाजल्या आणि लाजून थांबल्या. आणि तेवढ्यात पाहुण्यांच्या पाठीमागून, मैदानातून, तारप्याचा सूर आला.

सोफे जड असतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाहुणे माना वळवून बघू लागले, मग गुडघ्यांवर चढून, मग उभे राहून. रंगमंचावर न मावणारा गोल मैदानात फिरत होता आणि त्यांच्या वाट्याला आल्या होत्या पाठी. घामानं चिंब, आनंदानं हलणाऱ्या पाठी. “चेहरे घ्या, चेहरे!” प्राचार्यांनी फोटोग्राफरला पिटाळलं. तो बिचारा पालघरचा. धावत गेला, कमरांच्या खालून वाकून आत शिरला आणि त्याच्यामागं रांग मिटली. आता बाहेर पडायला वाट नाही! बाबा वळले की तोही वळतोय, कॅमेरा डोक्यावर धरून, उकिडवा. नाच संपेपर्यंत तो आतच. घाबरून त्यानं बटण दाबत राहायचं तेवढं केलं.

फोटो फार सुंदर आले. प्रत्येक फोटोत हसणारी तोंडं, सोनूबाबांचे फुगलेले गाल, वर आभाळ. फक्त एकाही फोटोत प्रमुख पाहुणे नव्हते, परीक्षक नव्हते, प्राचार्य नव्हते. पाहुण्यांच्या बाजूला होत्या त्या पाठी, आणि पाठींच्या पलीकडे पाहुणे होते यावर केवळ विश्वास ठेवायचा.

परीक्षकांनी संघ बाद केला. रंगमंचाचा वापर केला नाही, म्हणून. ते नियमानं बरोबरच होतं. पण प्राचार्यांना चारचौघांत झालेली शोभा सहन झाली नाही. बक्षीस समारंभाच्या आधी ते माझ्यासमोर बाईंना म्हणाले, “मॅडम, पाहुण्यांचा अपमान झालाय. माइकवरून माफी मागा, विषय संपवू. नाहीतर जूनमध्ये मला विचार करावा लागेल.”

मी माइक पुढं केला. बाईंनी तो झटकन घेतला.

“मी माफी मागते,” बाई म्हणाल्या. प्राचार्यांनी सुटकेचा श्वास सोडला. “सोनूबाबांची. तुम्हाला विंगेत उभं केलं, बाबा, चुकलं माझं. आणि या पोरांची. यांना मुंबईला जायचं होतं, मी नेऊ शकले नाही. बाकी पाहुण्यांना आमच्या पाठी दिसल्या म्हणतात. नांगरताना, लावणी करताना, विटा उचलताना त्या रोजच दिसतात. आज नाचताना दिसल्या, तर एवढं काय बिघडलं?”

माइक माझ्या हातात परत आला. निवेदकाला अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. मी तोंड उघडायच्या आधीच कडकडाट झाला. न सांगता झालेला तो माझ्या कारकिर्दीतला पहिलाच.

जूनमध्ये नेमणूक झाली नाही. मी निरोपसमारंभाचं काढलं, तर बाई उसळल्या. “अजिबात नाय! हार घातला की माणूस भिंतीवरच्या फोटोसारखा दिसायला लागतो.” एक पिशवी, एक दोरी आणि गळ्यात शिट्टी घेऊन त्या खोडाळ्याच्या जीपकडं गेल्या. काशी पिशवी धरून सोबत चालत होती. रडत होती, पण झपझप चालत. आता बाई खोडाळ्यात शेती करतात आणि सकाळी गावच्या पोरींना पळवतात. पगार कुणी देत नाही आणि थांबवायलाही कुणी येत नाही.

त्यांच्या जागी आलेले नवे सर सज्जन आहेत. ‘बसा’ म्हणतात. यंदा महोत्सव पुन्हा आमच्याकडे आला. काशी आता शेवटच्या वर्षाला. तिनं संघाचं नाव दिलं आणि सांगितलं, “आमचा नाच मैदानात.” सर म्हणाले, “अगं, नंबर येणार नाही. मुंबईला जायची ही शेवटची संधी तुझी.”

“ठाऊक आहे, सर. मुंबईला एसटी जाते.”

प्राचार्यांनी शिपायाला बोलावून आपला सोफा सकाळीच मैदानाकडं फिरवून ठेवला होता. माणूस वाईट नाही. गेल्या वेळी त्यांची मान फार दिवस अवघडली होती. या वेळी दुसऱ्या कॉलेजांची पोरंही एकेक करून रांगेला जोडली जाऊ लागली. गोल मांडवापर्यंत आला. मला राहवलं नाही. मी बाईंना फोन लावला आणि तो तारप्याच्या दिशेनं उंच धरला. बऱ्याच वेळानं कानाला लावला.

“ऐकलंत, मॅडम?”

“ऐकलं. बाबाला दम लागतोय. मध्ये पाणी द्या.”

“काशी पुढं आहे. नंबर येणार नाही, पण काय नाचतेय म्हणून सांगू—”

“तुम्ही कुठं आहात?”

“मी? मी माइकजवळ. इथून सगळं छान दिसतंय.”

“दिसतंय होय? बघायला काय, ओ कडकडाट, प्राचार्यसुद्धा बघतात,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मी माइकचं बटण बंद केलं. चपला काढून टेबलाखाली सरकवल्या आणि रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिलो. शेवटच्या पोरानं माझ्याकडं पाहिलंही नाही. त्याची नजर बाबांवर होती. त्यानं नुसता माझ्या कमरेला हात घातला आणि मला ओढून घेतलं.