पेटी कुठे आहे?

शूटिंगवाले चार दिवस राहिले आणि गेले. किस्से मात्र आमच्या सोसायटीत कायमचे राहायला आले! जिन्यात दोघी भेटल्या की एक निघतोच, आणि दर वेळी थोडा फुगलेला. म्हटलं, फार फुगायच्या आत लिहून ठेवावेत.

नाशिक रोडची आमची साधी तीन मजली सोसायटी. टीव्हीसाठी हेरगिरीचा एक गमतीदार सिनेमा इथे का करताय, असं मी डायरेक्टर मॅडमना पहिल्याच दिवशी विचारलं.

"इथे कुणाला संशय येणार नाही, म्हणून."

म्हटलं, "मॅडम, तुम्ही अजून मला ओळखत नाही!"

*

हेरांचं गुप्त ठाणं म्हणजे आमची पंपाची खोली. आत लाल दिवे, नकाशे. हिरो कुजबुजतोय, "ही जागा कुणालाही कळता कामा नये..."

तेवढ्यात दार ढकलून सोसायटीचे सेक्रेटरी टॉवेलवर आत! "चालू द्या तुमचं. मी फक्त मोटर लावतो. नाहीतर देश वाचेल, पण वरचा मजला बिनआंघोळीचा राहील!"

*

एका सीनमध्ये हिरो भाजीवाला झाला. गाडी आणि भाजी आमच्या नेहमीच्या सखूबाईंची, मखमलाबादच्या मळ्यातली. हिरोने ओरडायचं, "आज मेथी शिळी आहे!" हा साथीदाराला इशारा.

सखूबाईंनी हातच जोडले. "ओ दादा, सोताची मेथी शिळी हाय असं कोण सांगतं का? लगेच धरतील ना तुला!"

मॅडमनी वाक्य बदललं.

*

आमचे हे अंबडच्या कंपनीत मेंटेनन्सला. पहिली पाळी करून आले, तर जिन्यात बॉम्ब. खोटाच, पण त्याची लाल वायर लोंबत होती. यांना राहवतंय होय?

सीन सुरू झाला. हिरोने वायर ओढली. निघेना. दोन्ही हातांनी ओढली. शेवटी भिंतीला पाय लावून ओढली!

हे मागून समाधानाने म्हणाले, "नाही निघायची. पक्की करून टाकलीय मी."

*

तिसऱ्या मजल्यावरचे भास्करराव नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले. आत नेमकं काय करायचे, ते त्यांच्या बायकोला, मंदावहिनींनाही ठाऊक नाही. "आज काय केलं?" "काम." पस्तीस वर्षं एवढाच संवाद!

मॅडमनी चेहरा बघून नेमकं त्यांनाच निवडलं. भूमिका खबऱ्याची. हिरो कॉलर धरून विचारणार, "पेटी कुठे आहे?" आणि यांनी घाबरून सांगून टाकायचं, "दिंडोरीला, द्राक्षांच्या क्रेटखाली!" तीन दिवस गॅलरीत पाठ करत होते. मला इथे किचनमध्ये पाठ झालं! कधी कुणाला फोन न करणारा माणूस, पण लेकीला आणि नातवंडांना स्वतः फोन करून बोलावलं.

सीन लागला. "पेटी कुठे आहे?"

"माहीत नाही."

"कट! काका, सांगायचंय तुम्हाला."

"हो, हो."

दुसऱ्यांदा, "माहीत नाही साहेब." तिसऱ्यांदा तर दोन्ही हात वर करून झडतीलाच उभे राहिले!

"पाठ आहे हो मॅडम," काका रडवेले झाले. "पण कुणी असं विचारलं की तोंड आपोआप मिटतं. प्रेसच्या गेटवर रोज झडती व्हायची, तिथली सवय."

"आणखी एकच टेक, काका. नाही जमलं तर दुसरा नट उभा करावा लागेल."

नातवंडं समोरच उभी. काका बुटांकडे बघत राहिले.

*

तेव्हा मंदावहिनी पदर खोचून पुढे झाल्या. "तुमचा हिरो फारच गुळमुळीत विचारतो. मी विचारते."

या टेकमध्ये काकांचा चेहराच दिसणार होता. मॅडम म्हणाल्या, चालेल.

वहिनी कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहिल्या. "अहो! पेटी कुठे आहे?"

"दिंडोरीला... द्राक्षांच्या क्रेटखाली!"

मॅडमनी खुशीत अंगठा वर केला. पण काका थांबेनात.

"आणि तुझ्या आईची मांजर पळून गेली नव्हती. मीच पिशवीत घालून सिन्नरला सोडून आलो."

सगळे गार!

"आणि तुझ्या भावाने दिलेला तो स्वेटर..."

"कट! ओके! मस्त, काका!"

"कट काय कट?" वहिनींनी स्टूल ओढलं आणि काकांच्या पुढ्यात ठाण मांडलं. "चालू ठेवा ते मशीन!"